चंद्रपूर म्हणजे उद्याचं डरहॅम? ‘द ओल्ड ओक’ आणि माझी फसलेली तुलना

माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा पहिला मसुदा मॅडमकडून परत आला, तेव्हा पहिल्याच पानावर पेन्सिलीने एक शब्द लिहिला होता: ‘कसं?’

ज्या वाक्याखाली तो शब्द होता, ते वाक्य लिहून मी फार खूश होतो. वाक्य असं होतं: ‘ब्रिटनच्या कोळसापट्ट्याचा भूतकाळ हाच चंद्रपूरचा भविष्यकाळ आहे.’ ऐकायला भारी वाटतं ना? मलाही वाटलं होतं. त्या एका वाक्याने माझे चार महिने खाल्ले. तुम्ही पीएच.डी.ची तयारी करत असाल, संशोधन आराखडा लिहीत असाल, तर तुमच्याही डोक्यात असं एखादं वाक्य नक्की तयार असेल. म्हणून ही गोष्ट सांगतो. आणि सांगताना एका सिनेमावर बोलतो, कारण माझी चूक मला त्या सिनेमामुळेच झाली आणि त्याच्यामुळेच कळली.

सुरुवात झाली ३० सप्टेंबर २०२४ ला. त्या दिवशी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरमधलं रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे वीज केंद्र बंद झालं. ब्रिटनमधलं कोळशावर चालणारं ते शेवटचं वीज केंद्र. १८८२ मध्ये लंडनच्या हॉलबर्न भागात कोळशावर सार्वजनिक वीज बनवायला सुरुवात झाली होती, तिथपासूनचा १४२ वर्षांचा प्रवास संपला. आमच्या कॉलनीतल्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ही बातमी आली. एकाने लिहिलं, ‘आता आपला नंबर केव्हा जी?’ खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. पण हसण्यासारखं काही नव्हतं. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरची चूल कोळशावर पेटलेली आहे, म्हणजे बाप खाणीत नाहीतर वीज केंद्रात. माझे बाबा खाणीतून निवृत्त झाले. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र आज २,९२० मेगावॅटचं आहे. कोळसा गेला तर या शहराचं काय, हा प्रश्न आमच्यासाठी सेमिनारचा नाही, घरचा आहे.

त्याच आठवड्यात मी केन लोच यांचा ‘द ओल्ड ओक’ (२०२३) पाहिला. आणि मला वाटलं, सापडलं!

आधी थोडी पार्श्वभूमी

मार्च १९८४ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळाने वीस खाणी बंद करण्याचा, म्हणजे सुमारे वीस हजार नोकऱ्या घालवण्याचा बेत जाहीर केला. खाणकामगारांच्या राष्ट्रीय संघटनेने संप पुकारला. एका बाजूला मार्गारेट थॅचर यांचं सरकार, दुसऱ्या बाजूला आर्थर स्कारगिल. संप वर्षभर चालला आणि मार्च १९८५ मध्ये कामगार काहीही पदरात न पडता कामावर परतले. पुढे एकामागून एक खाणी मिटल्या. डिसेंबर २०१५ मध्ये यॉर्कशायरमधली केलिंग्ली ही शेवटची खोल खाण बंद झाली.

आता राजकारण बघा. डरहॅम काउंटी म्हणजे मजूर पक्षाचा सुमारे शंभर वर्षांचा गड. २३ जून २०१६ च्या सार्वमतात याच काउंटीने ५७ टक्क्यांहून अधिक मतं युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने दिली. देशाचा आकडा ५१.९ टक्के होता. २०२१ मध्ये काउंटी परिषदेतलं मजूर पक्षाचं बहुमत गेलं आणि मे २०२५ मध्ये तिथे स्थलांतरविरोधी रिफॉर्म यूके या पक्षाला बहुमत मिळालं. मधल्या काळात, जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्ष ४०० हून जास्त जागा जिंकून सत्तेत आला होता खरा, पण मतं होती ३३.७ टक्के. रिफॉर्मला १४.३ टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या पाच. म्हणजे जागांकडे बघणाऱ्याला लाट दिसली आणि मतांकडे बघणाऱ्याला पायाखालची भेग. निवडणुकीचा कोणताही आकडा वाचताना हे दोन रकाने वेगळे ठेवायची सवय लावा, आपल्याकडेही उपयोगी पडते.

सिनेमा काय करतो

‘द ओल्ड ओक’ घडतो २०१६ मध्ये, डरहॅममधल्या एका जुन्या खाणगावात. टीजे बॅलंटाइन हा तिथल्या ‘द ओल्ड ओक’ नावाच्या दारूगुत्त्याचा मालक. गुत्ता इतका खिळखिळा की दारावरच्या पाटीतलं एक अक्षर सारखं कलतं आणि टीजे काठीने ते परत जागेवर ढकलतो. गावातली घरं बाहेरच्या कंपन्या कवडीमोलाने घेताहेत. अशात एक बस येते, त्यातून सीरियातली निर्वासित कुटुंबं उतरतात. त्यांच्यातली यारा ही फोटो काढणारी मुलगी. उतरता उतरताच तिचा कॅमेरा कोणीतरी फोडतं. टीजे तो दुरुस्त करून द्यायला मदत करतो आणि तिथून दोघांची मैत्री होते.

गुत्त्याच्या मागे एक बंद खोली आहे. भिंतींवर १९८४-८५ च्या संपाचे फोटो. संपाच्या काळात सगळं गाव तिथे एकत्र जेवायचं. पुढे काय होणार ते तुम्ही ओळखलंच असेल: ती खोली उघडते आणि गावातली उपाशी पोरं व निर्वासितांची पोरं एका टेबलावर बसतात.

मला दोन प्रसंग फार आवडले. एक, यारा चक्कर आलेल्या एका मुलीला घरी सोडायला जाते आणि तिला काही खायला द्यावं म्हणून स्वयंपाकघरातली कपाटं उघडते. कपाटांत जवळपास काही नाही. तेवढ्यात मुलीची आई येते आणि याराला हाकलून देते. त्या बाईचा राग परक्या माणसावर आहे की परक्या माणसाने आपलं रिकामं कपाट पाहिलं याच्यावर? लोच उत्तर देत नाहीत आणि तेच बरं आहे. मदतीमागचा अपमान इतक्या कमी वेळात क्वचित दिसतो. दुसरा, टीजे आपल्या कुत्रीच्या नावाचा, ‘मार्रा’चा, अर्थ सांगतो तो. खाणकामगारांच्या बोलीत मार्रा म्हणजे जोडीदार, बरोबरीचा माणूस. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘खाली जोडीदार पाहूनच उतरा लागते. वर कोणाची जात काय, भाषा काय, ते वर.’

आणि कुठे कमी पडतो

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी भारावून गेलो होतो. तिसऱ्यांदा, वही घेऊन पाहिला, तेव्हा तीन गोष्टी खटकल्या.

पहिली, संपाची आठवण. भिंतीवरच्या फोटोंत संप म्हणजे अख्खं गाव एक. डरहॅमपुरतं ते बऱ्याच अंशी खरंही असेल. पण रॅटक्लिफ ज्या नॉटिंगहॅमशायरमध्ये आहे, तिथले बहुसंख्य खाणकामगार त्या वर्षी कामावर जात राहिले. राष्ट्रीय पातळीवर मतदान न घेताच संप पुकारला, हा त्यांचा आक्षेप. त्यातून वेगळी संघटना निघाली आणि शेजाऱ्याशी, सख्ख्या भावाशी बोलणं बंद झालं. जेम्स ग्रॅहम यांची बीबीसीवरची ‘शेरवूड’ (२०२२) ही मालिका या जखमेवरच उभी आहे. चाळीस वर्षांनंतरही गावात ‘तू तेव्हा कोणत्या बाजूला होतास’ हा प्रश्न मेलेला नाही. ‘द ओल्ड ओक’ला एकजुटीची आठवण आजच्या औषधासारखी वापरायची आहे, म्हणून तो ती गाळून, स्वच्छ करून बाटलीत भरतो.

दुसरी, गुत्त्यातली माणसं. टीजेचा जुना मित्र चार्ली याला दिग्दर्शक न्याय देतो. त्याच्या घराची किंमत मातीमोल झाली आहे, बायको आजारी आहे, त्याचा राग कुठून येतो ते कळतं. पण त्याच्या भोवतीचे बाकीचे? ते येतात, पितात, विष ओकतात. ज्या काउंटीत अर्ध्याहून जास्त लोकांनी बाहेर पडायला मत दिलं, तिथे त्या बाजूला सिनेमात एकच पूर्ण माणूस! उलट यारा चांगलं इंग्रजी बोलते, कलावंत आहे, कधी चिडखोर नाही, कधी चुकत नाही. निर्वासिताला आसरा मिळण्यासाठी त्याने आधी इतकं चांगलं असावं लागतं का? लोच यांचा हेतू निर्मळ आहे, पण ‘चांगला निर्वासित’ दाखवण्याची ही सोय अखेर विरोधकाच्याच कामी येते. कारण एखादा वाईट निघाला की सगळा युक्तिवाद कोसळतो.

तिसरी, शेवट. याराच्या वडिलांच्या मृत्यूची बातमी येते, गाव फुलं घेऊन दारात जमतं, आणि मग खाणकामगारांच्या मेळाव्यात सगळे एका झेंड्यामागे चालतात. डोळ्यांत पाणी येतं, खोटं कशाला बोलू. पण सिनेमा आला त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात, साउथपोर्टमधल्या मुलींच्या हत्येनंतर, ईशान्येकडच्या हार्टलपूल आणि संडरलँडमध्ये दंगे झाले. रॉदरहॅममध्ये आश्रय मागणारे लोक राहत होते त्या हॉटेलवर जमाव चालून गेला. म्हणून सिनेमा खोटा ठरला असं मी म्हणत नाही. दंग्यानंतर रस्ते झाडायला, विटा रचायलाही त्याच गावांतले लोक आले होते. पण दोन्ही गोष्टी एकाच गावात कशा राहतात, हा अवघड प्रश्न सिनेमा झेंड्यामागे ठेवून देतो.

या प्रश्नाचं एका माणसात सापडणारं उत्तर बघा. नॉटिंगहॅमशायरमधल्या अ‍ॅशफील्डचे खासदार ली अँडरसन. स्वतः खाणकामगार, मजूर पक्षाचे नगरसेवक, मग हुजूर पक्षाचे खासदार, मार्च २०२४ पासून रिफॉर्ममध्ये. त्यांची मतं मला पटत नाहीत. पण या माणसाचा प्रवास ज्याला समजावून सांगता येत नाही, त्याने ‘कोळसापट्ट्याचं राजकारण’ असा शब्द वापरू नये. मी धरून.

मग चंद्रपूर?

आता मॅडमच्या ‘कसं?’कडे येऊ. मी काय केलं होतं? डरहॅम घेतलं, त्यातून पायऱ्या काढल्या (खाणी बंद, बेकारी, राग, परक्यांचा द्वेष) आणि त्या शिडीच्या खालच्या पायरीवर चंद्रपूर उभं केलं. जणू सगळ्या जगाला एकच जिना चढायचा किंवा उतरायचा आहे, आणि ब्रिटन फक्त आपल्या पुढे आहे. गंमत म्हणजे आपण वसाहतवादावर टीका करणारी पुस्तकं वाचतो आणि लिहिताना हाच जिना वापरतो.

पुन्हा कागदपत्रं काढून बसलो तेव्हा पहिला धक्का बसला वरोऱ्याचा. १८७० च्या दशकात ब्रिटिश सरकारने वरोऱ्याला कोळशाची खाण चालवली, वर्ध्याहून तिथपर्यंत रेल्वे नेली, आणि १९०६ मध्ये ती खाण बंद झाली. म्हणजे खाण बंद पडणं हा आमचा ‘भविष्यकाळ’ नाहीच. केलिंग्लीच्या शंभरहून जास्त वर्षं आधी, त्याच साम्राज्याने, आमच्याच जिल्ह्यात एक खाण बंद केलेली आहे. वरोरा म्हटलं की आज आपल्याला आनंदवन आठवतं, खाण नाही. दुसरं उदाहरण तर काल-परवाचं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये कोळसा पट्ट्यांची वाटपं रद्द केली, त्यानंतर भद्रावती तालुक्यातली बरांजची खाण बंद पडली आणि काही वर्षांनी पुन्हा सुरू झाली. इथे थॅचर नाही, वर्षभराचा संप नाही. न्यायालयाचा निकाल आहे, आणि बंद झालेली खाण परत उघडते! माझ्या शिडीला ही पायरीच नव्हती.

दुसरा फरक जमिनीचा. डरहॅमच्या खाणी मुख्यतः जमिनीखाली होत्या आणि गावं खाणीसाठीच वसलेली. आमच्याकडे आता खुल्या खाणी जास्त. त्या आधी शेत खातात, मग नोकरी देतात. वर्धा नदीच्या काठाने जा, खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर दिसतील. अनेकांच्या घरी खाणीतली नोकरी म्हणजे गेलेल्या शेताची किंमत आहे. अशा माणसाला ‘माजी शेतकरी’ म्हणायचं, ‘कामगार’ म्हणायचं की ‘प्रकल्पग्रस्त’? खाण बंद झाल्यावर तो काय मागेल, पर्यायी नोकरी की जमीन परत? डरहॅमवरचं कितीही वाचलं तरी हा प्रश्न तिथून येणार नाही. शिवाय कायम कामगार आणि कंत्राटी कामगार एकाच खड्ड्यात काम करतात, पण त्यांचा पगार, क्वार्टर, दवाखाना वेगळा. जुलै २०२० मध्ये व्यावसायिक खाणकामाविरुद्ध देशभर कोळसा कामगारांनी तीन दिवसांचा संप केला, तेव्हा ‘कोणाचा संप?’ हा प्रश्न विचारायला हवा होता. मी विचारलाच नव्हता.

तिसरा फरक निर्वासितांचा, आणि इथे मला माझीच लाज वाटली. मी लिहून बसलो होतो की ‘चंद्रपूरला निर्वासितांचा अनुभव नसल्याने’ वगैरे. अरे बाबा! चंद्रपूर शहरात बंगाली कॅम्प नावाची वस्तीच आहे. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात वसवलं. आजच्या गडचिरोलीतल्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत त्यांची गावंच्या गावं आहेत. त्यांच्यातल्या नमशूद्रांना महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दर्जा मिळावा ही मागणी अजून अडकलेली आहे. मी बंगाली कॅम्पच्या चौकातून शाळेत जायचो. सीरियातली यारा दिसली आणि रोज शेजारून जाणारा माणूस दिसला नाही.

आणि जरा बघा, प्रश्न किती बदलतो. ‘द ओल्ड ओक’मध्ये निर्वासित रिकाम्या घरांत येतात. इथे त्यांना जंगलालगतच्या जमिनी दिल्या. ती जंगलं कोणाला रिकामी वाटली? सरकारला. तिथल्या गोंड-माडिया गावांना ती कधीच रिकामी नव्हती. म्हणजे डरहॅममध्ये दोन गरीब समोरासमोर येतात ते घर आणि मदतीवरून, आणि इथे जमीन, जंगल व जातीच्या दाखल्यावरून.

गुत्ता इथे आणता येत नाही

शेवटची गोष्ट, सगळ्यात छोटी, पण मला सगळ्यात जास्त शिकवणारी. सिनेमाचा अख्खा भार गुत्त्यावर आहे. सगळं बंद पडलं, चर्चचा सभागृह गेला, उरली ही एक सार्वजनिक जागा. मी माझ्या प्रश्नावलीत सरळ लिहिलं होतं: ‘गावात लोक एकत्र बसतात अशी दारूची दुकाने’. आता गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला झाली, २०२१ मध्ये उठली. दोन्ही ठिकाणी ती लढाई पुढे नेली बायांनी. मी ही प्रश्नावली घेऊन एका गावात गेलो तेव्हा एक आजी म्हणाली, ‘कोण धाडलं रे तुले? दारूवाल्यायनं?’

तिथे दारूची जागा म्हणजे गाव जोडणारी जागा नव्हे. मग जोडणारी कोणती? माडिया गावात गोटूल असेल. मेंढा (लेखा) गावाच्या वाटचालीत गोटूल पुन्हा उभारण्याला किती महत्त्व होतं, ते त्या गावावरचं कोणतंही लेखन वाचा, सापडेल. झाडीपट्टीत ती जागा दिवाळीनंतर, धान निघाल्यावर, नाटकाच्या मंडपात उभी राहते. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना या रंगभूमीचं नाव कळलं, पण वडसा आणि आजूबाजूच्या गावांत हजारोंनी लोक रात्रभर बसतात ते कधीपासून. मी पाहिलेल्या नाटकांत शेतकरी होता, दारुडा नवरा होता, सासू होती. कोळसा मात्र मी एकदाही पाहिला नाही. ब्रिटनने आपल्या कोळशावर ‘ब्रास्ड ऑफ’, ‘बिली इलियट’, ‘प्राइड’ असे सिनेमे काढले, तेही बहुतेक खाणी मेल्यानंतर. आमच्या खाणी जिवंत आहेत आणि मंचावर नाहीत. का नाहीत? हा आता माझ्या प्रबंधाचा एक उपप्रश्न आहे.

मग तुलना करूच नये का? जरूर करा. फक्त बाहेरचं उदाहरण उत्तर म्हणून आणू नका, प्रश्न म्हणून आणा. ‘तिथे असं झालं, म्हणून इथे होईल’ असं लिहिण्याऐवजी ‘तिथे लोक गुत्त्यात जमत, इथे कुठे?’ असं विचारा. तुमच्या वाक्यात ‘भविष्य’, ‘मागे’, ‘पुढे’ हे शब्द आले की थांबा आणि कोणता जिना गृहीत धरलाय ते तपासा. आणि दूरचं उदाहरण घेण्याआधी आपल्या चौकाचं नाव एकदा मोठ्याने वाचा. माझ्या चौकाचं नाव तर ‘कॅम्प’ होतं!

मी ते वाक्य काढलं. त्या जागी आता लिहिलंय: ‘कोळसा संपण्याआधी चंद्रपुरात कोण कोणाचा जोडीदार आहे?’ मॅडमने त्याच्याखालीही पेन्सिलीने लिहिलं: ‘आणि हे कोणाला विचारणार?’

परवा बाबांना अख्खा सिनेमा दाखवला, मधे मधे थांबवून मराठीत सांगत. संपल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘त्या खोलीत सगळे जेवले ना, तेव्हा भांडी कोणी घासली, ते नाही दाखवलं.’

उद्यापासून मुलाखती सुरू करतोय. पहिला प्रश्न बाबांचाच ठेवलाय.